बिघाड झाल्यावर टीमनं शिकायचं कसं

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात साखर कारखान्यांच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर बनतं. गाळप हंगामात बिघाड झाला की आधी काटा चालू करायचा, चर्चा नंतर. पण दोन दिवसांच्या आत बसायचंच, नाहीतर तपशील विसरतात.

'कुणी केलं?' हा प्रश्न नकोच. काय दिसलं, किती वाजता, तेव्हा काय माहीत होतं, एवढं विचारा आणि घटनाक्रम फळ्यावर लिहा. माणूस घाबरला की माहिती दडवतो.

एकदा नेट गेल्यावर एकाच ट्रॉलीची पावती दोनदा नोंदली गेली. अशा वेळी 'काळजी घ्या' हा उपाय नव्हेच. आता प्रत्येक पावतीला काट्यावरच वेगळा क्रमांक पडतो. तोच पुन्हा आला तर सर्व्हर नाकारतो. मध्येच नेट तोडून पाहणारी टेस्टही कायमची जोडली.

बैठकीतून एक-दोनच बदल घ्या, प्रत्येकापुढे नाव आणि तारीख. सॉफ्टवेअर कसं बनवावं हे सांगणाऱ्या २००१ च्या अजाईल जाहीरनाम्यासोबतचं बारावं तत्त्वही हेच सांगतं: ठराविक काळानं थांबा, कामाची पद्धत सुधारा.

या बैठकांच्या नोंदी कोडच्याच रिपॉझिटरीत, म्हणजे कोड साठवतो त्याच जागी ठेवा. नवा मुलगा किंवा मुलगी रुजू झाली की पहिल्याच आठवड्यात त्या वाचायला द्या, आणि जिथं अडेल तिथं नोंद त्यांनाच सुधारायला सांगा.