टॅटिंग जमत नाही म्हणताय? आधी शटल तपासा, या चुका टाळा

फोंड्याला आमच्या शेजारी एक आंटी राहायच्या, टॅटिंग, म्हणजे शटल नावाच्या छोट्या साधनावर धागा गुंडाळून गाठी मारत लेस करायचं काम, मला त्यांनीच शिकवलं. त्या स्वतः लहानपणी कॉन्व्हेंटात सिस्टरांकडे शिकलेल्या, आल्तारावरच्या कापडाची किनार करायच्या, आणि आमच्याकडे चवथीला गणपतीच्या पाटावर जे पांढरं कापड अंथरतात त्याची लेससुद्धा त्यांनीच करून दिलेली, ती अजून आहे. मी शिकायला गेले तेव्हा दोन आठवडे एकही रिंग, म्हणजे गाठी ओढून करायचं छोटं वर्तुळ, बंद होत नव्हती, मला वाटलं आपला हातच जड आहे. आंटींनी माझं शटल घेतलं, धाग्याचं टोक चिमटीत धरलं आणि शटल खाली सोडून दिलं. ते सरसर उलगडत थेट जमिनीवर. "बाय, तुजो हात बरो आसा, शटल वायट," एवढंच बोलल्या आणि त्यांचं शटल माझ्या हातात दिलं. त्याच संध्याकाळी पहिली रिंग बंद झाली.

म्हणून हे लिहितेय. टॅटिंग सोडून दिलेल्या कितीतरी बायका भेटतात, सगळ्या म्हणतात मला नाही जमलं, आणि शटल मागून बघितलं तर दहातल्या बऱ्याच वेळा खोट त्यातच असते. आपल्याकडे दुकानात शटल सहसा मिळत नाही, ऑनलाइन मागवावं लागतं, म्हणजे हातात घेऊन बघायची सोयच नाही. त्यामुळे घरी आल्यावर पहिलं काम तपासणी, धागा भरणं नंतर.

शटल म्हणजे दिसायला छोटी होडीच, दोन पातळ पाती, मधे खांब, दोन्हीकडे निमुळती टोकं. जर्मनमध्ये तर या कामाला छोट्या होडीचं काम अशा अर्थाचाच शब्द आहे. सगळी मेख त्या टोकांत आहे. दोन्ही टोकांची पाती एकमेकांना हलकी टेकलेली पाहिजेत, इतकी की धागा ओढला की "टिक टिक" आवाज करत सुटेल पण आपणहून सुटणार नाही. थेरेझ द दिलमोंने १८८६ च्या आपल्या सुईकामाच्या ज्ञानकोशात हेच लिहून ठेवलंय, शटल सात सेंटीमीटरपेक्षा लांब नको, रुंदी दोन ते तीन सेंटीमीटर, टोकं नीट मिटलेली, आणि मधल्या खांबाला धागा ओवण्याइतकं भोक. इतकी वर्षं झाली तरी यात बदलण्यासारखं काही नाही.

तर आंटींची परीक्षा करा. थोडा धागा भरा, टोक धरून शटल लोंबकळत ठेवा. जागच्या जागी राहिलं तर उत्तम. घसरत खाली गेलं तर टोकं उघडी आहेत. साधं प्लॅस्टिकचं असेल तर एक टोक गरम पाण्यात, म्हणजे चहाइतकं गरम, उकळतं नाही, अर्धा मिनिट बुडवा, बाहेर काढून रुमालाने धरून दोन्ही पाती चिमटीत दाबा आणि तशीच दाबून थंड पाण्यात धरा. मग दुसरं टोक. अर्थात धागा आधी काढून. माझी दोन शटलं अशी सुधारली. उलट टोकं फारच घट्ट असतील तर धागा पिंजून निघतो, तेव्हा जाड कागदाची घडी टोकातून आठ-दहा वेळा ओढायची, बस.

जुनी, पिवळट पडलेली, आजीच्या पेटीत सापडलेली शटलं मात्र गरम पाण्यात घालू नका. ती सेल्युलॉइडची असू शकतात, ते उष्णतेने वाकडं होतं आणि आगीजवळ तर भसकन पेटतं. आणि कासवाच्या पाठीची तपकिरी-पिवळ्या ठिपक्यांची शटलं, तीही जुन्या घरांत निघतात, ती विकायला काढू नका आणि कोणी विकत असेल तर घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात समुद्री कासवांना संरक्षण आहे. मोरजी, आगोंद, गालजीबागला कासवं अंडी घालायला येतात ते आपण बघतो, त्यांच्यासारख्याच जिवाच्या पाठीची वस्तू हौसेसाठी विकत घेणं मला तरी पटत नाही.

आता कडा. स्वस्तातल्या प्लॅस्टिकच्या शटलला साच्याची एक बारीक रेघ राहिलेली असते, डोळ्याला दिसत नाही पण प्रत्येक टाक्याला धाग्याला खरवडत राहते आणि चार रिंगांनंतर धागा केसाळ झाला की आपण धाग्याच्या कंपनीला बोल लावतो. कापसाचा बोळा घ्या आणि सगळ्या कडांवरून फिरवा. जिथे कापसाचे तंतू अडकून राहतील तिथे खोट आहे. ती जागा बारीक पॉलिश पेपरने, हजार नंबरचा मिळाला तर बघा, पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासा, परत बोळा फिरवा. तीन वेळा करावं लागलं तरी करा.

करवंटीचं शटल करून घ्यायची कल्पना आपल्याकडे कुणालाही सुचेल, करवंटीच्या वाट्या, चमचे, बटणं करणारे कारागीर गोव्यात आहेतच. सुंदर होतं, हातात गार लागतं आणि वजनही बेताचं. पण चूक होते ती तेल लावताना. करवंटी चमकावी म्हणून मी खोबरेल लावलं, दोन दिवस पुसलं, वाटलं सगळं जिरलं. पांढऱ्या धाग्याने रुमालाची किनार करायला घेतली आणि तिसऱ्या दिवशी उजेडात बघते तर प्रत्येक रिंगच्या मुळाशी फिकट पिवळी छटा, शटलमधून सुटणारा धागा पातीला घासून तेल घेऊनच बाहेर येत होता. अख्खी किनार गेली. करवंटी असो की लाकूड, तेल नको. मधमाशीचं मेण अगदी जरासं चोळायचं आणि सुती फडक्याने कोरडं लख्ख होईपर्यंत पुसायचं.

धागा भरताना सगळ्यात मोठा मोह म्हणजे शटल गच्च भरणं, परत परत भरायला नको म्हणून. धागा पातीच्या कडेबाहेर आला की टोकं फाकतात आणि एकदा फाकली की फाकलीच, शिवाय बाहेर आलेला धागा घामाने मळतो. कडेच्या थोडा आत असतानाच थांबा. शिकताना तर तीन-चार मीटर पुरे. आणि काम करताना दर पाच-सहा रिंगांनी शटल हातातून सोडून लोंबकळू द्या, ते गरगर फिरेल आणि धाग्याला पडलेला पीळ निघेल. हे न केल्यामुळे धागा स्वतःभोवती वळतो, रिंग बंद करताना मधेच गाठ बसते आणि मग कात्री.

हो, रिंग बंद का होत नाही हे सांगायलाच पाहिजे कारण इथे खरंच हाताची चूक असू शकते. टॅटिंगची एक पूर्ण गाठ म्हणजे दोन अर्ध्या गाठी, आणि त्या डाव्या हाताच्या बोटांभोवती घेतलेल्या धाग्याने शटलच्या धाग्याभोवती बसायला हव्यात, उलट नाही. शटल आतून काढलं की आधी गाठ शटलच्याच धाग्याची पडते, मग डाव्या हाताची मधली बोटं सैल सोडायची, शटलचा धागा तारेसारखा ताठ ओढायचा, की गाठ टुणकन दुसऱ्या धाग्यावर उडी मारते. ती उडी मारल्यावरच मधलं बोट वर उचलायचं. बहुतेक जणी डावा हात सैलच सोडत नाहीत. ओळखायचं कसं? प्रत्येक गाठीनंतर शटलचा धागा मागेपुढे ओढून बघा, गाठ घसरली तर बरोबर, अडकली तर ती लगेच सोडवा, पुढे जाऊ नका. शिकताना दोन रंगांचे धागे एकमेकांना बांधून ती गाठ चिमटीत ठेवून सराव करा, एक रंग शटलवर, एक हातावर. गाठ हातावरच्या रंगाची दिसली तर जमलं. शटलचा रंग दिसला तर उडी चुकली. याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही आणि आठवड्याचा वैताग वाचतो.

सगळं बरोबर करूनही गाठ घसरत नसेल तर धागा बघा. भरतकामाचा सहापदरी रेशमासारखा धागा, लोकर, शिलाईचा धागा, यावर शिकू नका, ते सुटे होतात नाहीतर रुततात. क्रोशाचा घट्ट पिळाचा मर्सराइज्ड कॉटन घ्या, नंबर १० किंवा २०. नंबर वाढला की धागा बारीक होतो हे लक्षात ठेवा, ४० आणि ८० नंतर. मर्सराइज्ड हे नाव जॉन मर्सर या इंग्रज माणसावरून पडलं, १८४४ मध्ये कॉस्टिक सोड्याची ही प्रक्रिया त्याला सापडली, पुढे धागा ताणून धरून तीच प्रक्रिया करायला लागल्यावर चकाकी आली. त्या गुळगुळीतपणामुळेच गाठ सरकते.

पिको म्हटलं की आपल्याला साडीचं पिको-फॉल आठवतं, टॅटिंगमधला पिको म्हणजे दोन गाठींमधे सोडलेला धाग्याचा फास, जो शोभेचाही असतो आणि रिंगा जोडायलाही लागतो. तो एकसारखा यावा म्हणून पट्टी वापरतात, आणि पुठ्ठ्याची पट्टी जून ते सप्टेंबर आपल्याकडे टिकत नाही, कडा मऊ पडतात आणि पिको हळूहळू लहान होत जातात, लक्षातही येत नाही. आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणातून कापा. आणखी एक घोळ, तोही सगळ्यांचाच होतो. पट्टी दोन गाठींच्या मधे आडवी धरून अंतर मोजलं तर पिकोची उंची त्याच्या निम्मी येते, सहा मिलिमीटरचं अंतर म्हणजे तीन मिलिमीटरचा पिको. पण धागा पट्टीभोवती फिरवून घेतला तर उंची पट्टीच्या रुंदीएवढी. एका तुकड्यात एकच पद्धत ठेवा.

जोडायला लागते क्रोशाची बारीक स्टीलची आकडी. २० नंबरच्या धाग्याला एक मिलिमीटरची चालते, ४०-८० ला ०.६ लागते. जाड आकडी छोट्या पिकोत घुसवली की पिको ताणून कायमचा वाकडा होतो. टोकाला चोच असलेली शटलं येतात ती बरी वाटतात, पण चोच धारदार असेल तर धाग्याचे पदर फाडते, तीही कापसाने तपासा.

सुईने टॅटिंग करणाऱ्यांची एक चूक, साधी लांब शिवणाची सुई घेणं. तिचं नेढं फुगीर असतं, गाठी तिथे येऊन अडकतात. टॅटिंगची सुई टोकापासून नेढ्यापर्यंत एकाच जाडीची आणि बोथट असते. सुई धाग्यापेक्षा फार जाड असली तर लेस ढिली पडते, बाकी सुईबद्दल विशेष काही नाही.

चुकीची रिंग बंद झाली तर लगेच कापू नका. शेवटच्या पिकोपाशी दोन्ही बाजूच्या गाठी नखांनी हळूच फाकवा, मधे आतला धागा दिसेल, तो बोथट सुईने थोडा थोडा ओढून घ्या, रिंग उघडते. पाच-दहा मिनिटं लागतात. मुळात बंद करतानाच गाठी चिमटीत धरून धागा सावकाश सरळ ओढा, हिसका देऊ नका.

आणि गंज. स्टीलची आकडी, कात्री, सुया लेसमध्ये खोचून ठेवायची सवय असेल तर ती आजच मोडा, समुद्राकडच्या हवेत पावसाळ्यात दोन रात्रींत डाग पडतो. काम झालं की पुसून, कोरड्या डब्यात, औषधांच्या बाटलीतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, धागासुद्धा तसाच, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला धागा बुरसतो. पांढऱ्या सुती लेसवर गंजाचा डाग पडलाच तर लिंबाचा रस आणि मीठ लावून तासभर ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा, गेला नाही तर परत एकदा लावा. रंगीत धाग्यावर हे करू नका, लिंबाने रंग उतरतो.