जुना सी-१० रोज चालवायचाय? मग या चुका टाळा

शेव्हरोलेच्या सी-१० पिकअपची १९६७ ते १९७२ ही पिढी रोजच्या वापराला सोयीची. सुटे भाग अजून नवे मिळतात, बॉनेट उघडलं की हात घालायला जागा असते, आणि बहुतेक ट्रकना मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग असल्याने रिकामा ट्रकही फार आदळत नाही. तरीही अमेरिकेतल्या गॅरेजांमध्ये हे ट्रक अर्धवट खोललेल्या अवस्थेत वर्षानुवर्षं पडून असतात. कारण बहुतेकदा एकच: कामाला सुरुवात चुकीच्या टोकाने झालेली असते. आधी इंजिन, मग चकचकीत चाकं, मग रंग, आणि ब्रेक "नंतर बघू". रोज ऑफिसला न्यायच्या ट्रकचा क्रम नेमका उलटा हवा. ब्रेक, स्टेअरिंग, टायर, वायरिंग, पेट्रोलची लाइन, कूलिंग ही कामं आधी. ताकद वाढवायची ती त्यानंतर. रंग सगळ्यात शेवटी, कारण आधी दिलेला रंग पुढच्या प्रत्येक कामात ओरखडतो.

डिस्क ब्रेक बसवले, मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला

ही चूक इतक्यांदा दिसते की आता हसूही येत नाही. १९७० पर्यंतच्या सी-१० ला पुढे ड्रम ब्रेक होते, १९७१ पासून डिस्क आले. त्यामुळे जुन्या ट्रकवर डिस्कचं किट चढवणं हे पहिलं काम, आणि ते योग्यच आहे. पण किटमधला मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ब्रेक ऑइलच्या दाबात बदलणारा भाग) महाग वाटतो, जुना "चांगला चाललाय" म्हणून तोच ठेवला जातो.

१९६९ च्या एका ट्रकवर हेच झालं होतं. गल्लीत दोन फेऱ्या मारल्या, ब्रेक उत्तम. हायवेवर वीस मिनिटं झाली आणि पुढच्या चाकांतून धूर. पेडल दगडासारखं कडक, ट्रक जणू हँडब्रेक लावून चाललाय. मालकाने कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे भाग) बदलले. मग पॅड बदलले. मग पुन्हा कॅलिपर बदलले, यावेळी महागातले. धूर तसाच. खरा दोषी होता मास्टर सिलिंडरच्या तोंडात बसलेला शेंगदाण्याएवढा रबरी व्हॉल्व्ह. ड्रम ब्रेकच्या लाइनमध्ये साधारण १० पीएसआय दाब राखून ठेवणं हे त्याचं काम, म्हणजे व्हील सिलिंडरचे कप सील सैल पडत नाहीत. ड्रममध्ये हा दाब निरुपद्रवी, कारण परतीच्या स्प्रिंगा शूज मागे ओढतात. डिस्कला तशा स्प्रिंगा नाहीत. पॅड घासत राहतो, ऑइल तापून फुगतं, दाब वाढतो, पॅड आणखी घासतो.

ब्रेक पकडून बसत असतील तर भाग बदलत सुटू नका. ट्रक तापलेला आणि चाकं पकडलेली असतानाच जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा आणि मास्टर सिलिंडरपासून चाकाकडे तपासत या. आधी मास्टर सिलिंडरचे बूस्टरवरचे (पेडलचा जोर वाढवणाऱ्या डब्यावरचे) दोन नट ३ मिलिमीटर सैल करा. चाक मोकळं झालं तर बूस्टरचा पुशरॉड लांब आहे, तो मास्टरच्या पिस्टनला पूर्ण मागे येऊ देत नाही. तिथे अर्ध्या मिलिमीटरची फट लागते. चाक मोकळं झालं नाही तर मास्टरमधून पुढच्या ब्रेकला जाणारा पाइप सैल करा. आता मोकळं झालं तर दोष मास्टरमध्ये. तरीही नाही, तर कॅलिपरचा निपल (हवा काढायचा स्क्रू) उघडा. इथे चाक सुटलं तर रबरी होज आतून सुजला आहे. बाहेरून तो नवा कोरा दिसेल, दिसण्यावर जाऊ नका. निपल उघडूनही सुटलं नाही, तर आणि तरच कॅलिपरकडे वळा. दहा मिनिटांचं काम आहे.

जुन्या मास्टरमध्ये तो व्हॉल्व्ह आहे का हे बघायला पाइप काढून तोंडात बारीक तार घालावी. सरळ आत गेली तर नाही, मऊ रबराला अडली तर आहे. पण इतकी उठाठेव करण्यापेक्षा डिस्क-ड्रमसाठीचा नवा मास्टर घ्यावा: बूस्टरसोबत १ पूर्णांक १/८ इंच बोअर (आतल्या नळीचा व्यास), बूस्टर नसेल तर १ इंच. सोबत डिस्क-ड्रमचाच कॉम्बिनेशन व्हॉल्व्ह (पुढच्या-मागच्या ब्रेकमध्ये दाब वाटणारा), नाहीतर ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होतात. होज तिन्ही बदलावेत, पुढचे दोन आणि मागचा एक.

आणखी एक: ब्रेकच्या लाइनमधली हवा (एअर) काढायच्या आधी मागचे शूज ॲडजस्ट करा. शूज ड्रमपासून लांब असले की पेडल खाली जातं, आणि लोक "एअर आहे, एअर आहे" म्हणत ब्रेक ऑइलच्या चार बाटल्या संपवतात. शूज हलके घासतील इतके बाहेर आणा, मग मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं या क्रमाने एअर काढा.

किट घेण्यापूर्वी चाकाचे बोल्ट मोजा. १९७० पर्यंत सहा, १९७१ पासून पाच. पुढे पाच आणि मागे सहा असा ट्रक केलात तर दोन स्टेपन्या वागवाव्या लागतील.

दाराखालचा पत्रा आधार न देता कापला

या ट्रकचा गंज खालून दिसतो, पण सुरू वरून होतो. काचेपुढच्या जाळीतून पाणी आत शिरतं, दोन्ही बाजूंनी पायाजवळच्या पत्र्यामागून खाली उतरतं आणि बाहेर पडतं. पन्नास वर्षांची पानं आणि माती त्या वाटेत साचते, ओल धरते, आणि आधी कोपरा, मग फ्लोअर, मग दाराखालची रॉकर पॅनलची पेटी कुजते. मिशिगन-ओहायोसारख्या भागात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तिथे हेच काम निम्म्या वेळात होतं. कोकणात ज्यांनी पत्र्याची गाडी सांभाळली आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

म्हणून वेल्डिंग मशीन काढण्याआधी बादलीभर पाणी त्या जाळीवर हळूहळू ओता. ते दोन्ही बाजूंनी खाली पडलं पाहिजे. एका बाजूने कमी आलं किंवा कार्पेटखाली आलं, तर वाट आधी मोकळी करा. ती न करता नवं रॉकर बसवणं म्हणजे गळक्या छपराखाली नवी गादी घालणं.

आता मूळ चूक. रॉकर हा दिसायला दाराखालचा पट्टा, पण कॅबचा पुढचा खांब आणि मागचा खांब यांना जोडून ठेवणारा तोच. १९६८ चा एक ट्रक असा आला होता: कॅब चेसिसवरून उतरवून लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेली, दोन्ही बाजूंचे रॉकर एकाच दिवशी कापलेले, नवे बसवून सलग वेल्डिंग मारलेलं. वेल्डिंग दिसायला सुरेख होतं. कॅब चेसिसवर परत ठेवली तर डावं दार वर घासत होतं आणि खाली बोट जाईल एवढी फट. उजवं दार लागेचना. बिजागऱ्या वाकवून बघितल्या, स्ट्रायकर (दाराचं लॉक अडकतं ती खुंटी) सरकवला, शेवटी लांबी (पत्र्यावर भरायची पुट्टी) भरून फट "बुजवली". दोन महिन्यांत लांबीला तडे गेले. उपाय एकच होता, सगळं पुन्हा कापणं.

क्रम असा ठेवावा. कॅबच्या खालची रबरं कुजलेली असतात, ती आधी बदला, कारण त्यांच्यामुळेही दार खाली बसतं. ट्रक स्वतःच्या चाकांवर सपाट जमिनीवर उभा ठेवा. दाराच्या बिजागऱ्यांच्या पिना-बुश नवे टाका, मग दाराची फट सगळीकडे ५ मिलिमीटरच्या आसपास आणा. फट जमली की दार काढून, पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत चौकोनी नळीचे दोन आडवे आणि एक तिरका आधार टॅक करा. दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून पत्र्यावरच मार्करने लिहून ठेवा. मगच कापा, आणि एका वेळी एकच बाजू. नवं पॅनल क्लॅम्पवर लावून दार परत बसवून बघा, फट तीच आली तरच वेल्ड. ०.६ मिलिमीटर वायर, टाके इंच-इंचावर, आणि एका टोकाचा टाका झाला की दुसऱ्या टोकाला जायचं. सलग रेघ ओढली की पत्रा तापून लहरी धरतो. शेवटी पेटीच्या आत मेणाचा स्प्रे. बाहेरून डांबरी कोटिंग फासून गंज झाकणं हा शॉर्टकट नव्हे. ओल आतच कोंडते आणि पत्रा दिसेनासा होऊन कुजतो.

ट्रक विकत घेताना खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. कॅबच्या मागच्या कोपऱ्यांवर ते चिकटलं नाही तर तिथे पत्रा नाही, लांबी आहे.

अर्थिंग

कॅब रबरावर बसलेली, चेसिसवर नवा जाड रंग, इंजिनही रबरी माउंटवर. मग करंट परत कुठून जाणार? इंडिकेटर दिला की टेंपरेचरचा काटा नाचतो, हेडलाइट पिवळे पडतात, आणि लोक नवं वायरिंग हार्नेस मागवतात. आधी तीन जाड वायरी टाका: बॅटरी ते इंजिन, इंजिन ते कॅबची फायरवॉल, इंजिन ते चेसिस, प्रत्येक टोकाखालचा रंग खरवडून. मग हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवून, इंजिन सुरू असताना, मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी कॅबच्या पत्र्यावर धरा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर जोड खराब. इंजिन बंद ठेवून मीटरचा बझर वाजवून बघण्यात काही अर्थ नाही, एका केसाएवढ्या तारेनेही तो वाजतो.

इलेक्ट्रिक पंखा आणि मोठा अल्टरनेटर लावलात तर अल्टरनेटर ते बॅटरी ही जुनी वायरही जाड करा. ती तशीच ठेवून १०० अँपिअरचा अल्टरनेटर लावणारे लोक आहेत. वायरचा वास आला की त्यांना कळतं.

बाकीच्या, थोडक्यात

हायवेवर इंजिन ओरडतं म्हणून ७०० आर-४ हा ओव्हरड्राइव्ह (इंजिन हळू फिरवणारा वरचा गिअर) असलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स टाकणं ही चांगली कल्पना. ३.७३ चा मागचा ॲक्सल आणि २८ इंची टायर असेल तर ताशी ६५ मैलांना २९०० च्या आसपास फिरणारं इंजिन ओव्हरड्राइव्हमध्ये २००० वर येतं. पण कार्ब्युरेटरला जोडलेली टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल ही किकडाउनची केबल नव्हे, ती आतला ऑइलचा दाब ठरवते. "नंतर ॲडजस्ट करू" म्हणून सैल ठेवून रस्त्यावर नेलं की क्लच जळतात, तेही काही मैलांत.

स्प्रिंग गॅसने तापवून ट्रक खाली बसवणं: नको. मागे चार-पाच इंच खाली आणायचं असेल तर योग्य उंचीच्या स्प्रिंगा, शॉकच्या नव्या जागा आणि ॲडजस्ट होणारा पॅनहार्ड बार (ॲक्सल आडवा सरकू न देणारा दांडा) लागतो. मूळ बार तसाच ठेवला तर मागचा ॲक्सल एका बाजूला सरकतो आणि एक टायर बॉडीला घासतो.

स्टेअरिंगमध्ये ढिलाई आहे म्हणून बॉक्सवरचा स्क्रू आवळू नका. आधी कॉलमच्या टोकाचा रबरी जोड, टाय रॉडची टोकं, आयडलर आर्म बघा. आवळलेला बॉक्स मध्यावर अडकतो आणि वळणानंतर चाक सरळ येत नाही.

ट्रॅफिकमध्ये तापतो आणि हायवेवर थंड राहतो, तर हवा कमी पडते: पंख्याभोवतीचं आवरण कुणीतरी फेकून दिलं आहे. उलट असेल तर रेडिएटर किंवा पाण्याचा प्रवाह बघा.

टायरवर नक्षी भरपूर दिसते म्हणून खूश होऊ नका. बाजूच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. तीनच आकडे असतील तर तो टायर गेल्या शतकातला आहे.

पेट्रोलची टाकी सीटच्या मागे, कॅबमध्येच आहे. कॅबमध्ये वास येत असेल तर खिडकी उघडी ठेवून चालवणं हा उपाय नव्हे. टाकीच्या गळ्याचा आणि व्हेंटचा रबरी पाइप तडकलेला असतो, दोन्ही इथेनॉलला टिकणारे नवे टाका. आणि खांद्यावरून येणारा पट्टा बसवताना बोल्ट नुसत्या पत्र्यात घेऊ नका. मागे जाड प्लेट वेल्ड करून ७/१६ इंची ग्रेड ८ बोल्ट वापरा, आणि वेल्डिंगआधी टाकी ट्रकमधून पूर्ण बाहेर काढून गॅरेजच्याही बाहेर ठेवा. ओलं फडकं झाकून काम भागवू नका.