लिक्सची ओळख नव्यानं लिहिताना

दिग्रस तालुक्यातल्या आमच्या गावात कुणाला प्रोजेक्ट रिपोर्ट टाईप करायचा असला, की तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात जावं लागतं. पानामागे पैसे ठरलेले. गाईडनं एक प्रकरण मागेपुढे करायला सांगितलं, की अनुक्रमणिका, आकृत्यांचे आकडे, समीकरणांचे क्रमांक सगळं पुन्हा हातानं बदलायचं. पुन्हा पैसे आणि पुन्हा एसटीचं तिकीट. हे काम लिक्स नावाचा मुक्तस्रोत (ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला आहे असा) डॉक्युमेंट प्रोसेसर आपोआप करतो. पण त्याच्या वेबसाइटवरची ओळख वाचून आमच्याकडच्या पोरांना ते कळत नव्हतं, म्हणून ती नव्यानं लिहायला मी घेतली. ओपन सोर्समध्ये हातभार लावायला कोडच यायला पाहिजे असं नाही. ज्यांना लिहिता येतं, त्यांनी इथून सुरुवात करावी.

माझा पहिला मसुदा इतिहासापासून सुरू होत होता. १९९५ मध्ये मथियास एट्रिख या जर्मनीतल्या विद्यार्थ्यानं हा प्रोग्राम सुरू केला, त्याच्यामागे लाटेक ही पानांची मांडणी करणारी प्रणाली काम करते, लाटेकच्या मागे संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांचं टेक आहे, वगैरे. सगळं खरं होतं. शेजारची एक पोरगी एमएस्सीला गणित घेऊन आहे, तिला वाचायला दिलं. तिनं शांतपणे वाचलं आणि म्हणाली, "दादा, हे काय हाय ते समजलं. पण मले कराचं काय हाय?"

हा प्रश्न मी मसुद्याच्या माथ्यावर लिहून ठेवला आणि प्रत्येक वाक्याला तोच विचारत गेलो. इतिहास शेवटी गेला, दोन ओळींत.

मग तिला अभ्यासिकेतल्या कॉम्प्युटरवर लिक्स उघडून दिलं आणि मी मागे गप्प बसून राहिलो. प्रकरणाचं नाव मधोमध आणायला तिनं स्पेसबार दाबला. एक जागा सुटली, पुढे काहीच होईना. एंटर दोनदा मारला, तरी रिकामी ओळ येईना. "कीबोर्ड बिघडला काय?" तिनं विचारलं. लिक्स मुद्दामच तसं करतो. हे प्रकरणाचं नाव, हे प्रमेय, हा साधा परिच्छेद, एवढं आपण वरच्या यादीतून निवडून सांगायचं. अंतर किती, अक्षर केवढं, क्रमांक कोणता, हे तो ठरवतो. ज्याचा हात वर्डवर बसलाय, त्याला पहिल्या पाच मिनिटांत याचीच अडचण होणार. म्हणून "दिसण्यापेक्षा रचनेला महत्त्व" हे जुनं वाक्य काढून मी लिहिलं: "इथे स्पेस देऊन शीर्षक मधोमध आणता येत नाही. ते शीर्षक आहे एवढं सांगा, बाकीचं लिक्स करेल." या एका वाक्यावर माझे दोन दिवस गेले आणि ते सार्थकी लागले असं मला वाटतं.

'फ्री' हा शब्दही सांभाळून वापरा. आमच्याकडे फुकट म्हटलं, की महिनाभरानं पैसे मागणार अशी शंका आधी येते. जीपीएल (मुक्त सॉफ्टवेअरचा एक परवाना) एवढं म्हणून थांबू नका. मुदत संपत नाही, किल्ली लागत नाही, मित्राला कॉपी दिली तर तो गुन्हा नाही, कोड बदलायचीही मोकळीक आहे, असं उलगडून लिहा.

अडचणी लपवू नका, हे मी फार आग्रहानं सांगेन. लिक्सला पीडीएफ काढायला लाटेक वेगळं लागतं. टेक लाइव्ह हा लाटेकचा संच पूर्ण बसवला तर कित्येक जीबी जातात, आणि आमच्याकडे नेट म्हणजे मोबाइलचा रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक. विंडोजवर मिकटेक हा लाटेकचाच दुसरा संच लहान बसवता येतो. तो लागेल तसे तुकडे उतरवून घेतो, म्हणून पहिली पीडीएफ काढताना हॉटस्पॉट चालू हवा. मराठी मजकुराला झीटेक किंवा लुआटेक (टेकच्याच नव्या आवृत्त्या) निवडून युनिकोड फॉन्ट द्यावा लागतो. कृतिदेवमध्ये टाईप केलेलं तसंच चिकटवलं तर अक्षरं भलतीच दिसतात. वर्डची फाइल थेट उघडत नाही, म्हणून गाईड वर्डमध्येच दुरुस्त्या करून देत असतील तर आधी त्यांच्याशी बोलून घ्यावं. वेबसाइटवरच्या ओळखीत एवढं सगळं मावत नाही, पण लाटेकची आणि वर्डची गोष्ट तिथे हवीच. बसवून झाल्यावर कळलेली अडचण माणूस विसरत नाही.

लिक्सच्या लोकांना मसुदा पाठवताना एका वेळी एकच बदल पाठवा आणि सोबत कारण लिहा: कोण वाचत होतं, कुठे अडलं. "हे वाक्य मला बरं वाटत नाही" यावर वाद होतो. "वाचणारीनं इथे कीबोर्ड बिघडला का असं विचारलं" यावर होत नाही. इंग्रजीत पाठवायचं असलं तरी आधी मराठीत लिहा. मराठीत सांगता येत नाही तो भाग मलाच नीट कळलेला नसायचा, हे मला तीनदा तरी दिसलं.

चौथा मसुदा तिला दिला तेव्हा संध्याकाळ झाली होती, लाइट नुकतीच आली होती. तिसऱ्या ओळीपर्यंत वाचून तिनं कागद उलटा ठेवला. मला वाटलं पुन्हा अडलं. तिनं माऊस ओढला, यादीतून 'चॅप्टर' निवडलं आणि आपल्या प्रकरणाचं नाव टाईप करायला लागली.