अणुकेंद्रातील अपघात आणि नाशिककरांची तयारी : या चुका टाळा

तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून चालू आहे आणि नाशिकपासून ते हवाई अंतराने सुमारे १२० किलोमीटरवर आहे. आपल्याकडे अशा केंद्राभोवतीचे आणीबाणी नियोजन क्षेत्र साधारणपणे १६ किलोमीटरपर्यंत धरले जाते, त्यामुळे अपघात झालाच तर स्थलांतर आणि आयोडीनच्या गोळ्यांचे वाटप यांचा पहिला विचार पालघर जिल्ह्यातील जवळच्या गावांसाठी होईल. नाशिकचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो न ओळखल्यामुळेच बहुतेक चुका होतात.

सर्वांत सर्रास चूक आयोडीनच्या गोळीबाबत होते. या गोळीतील पोटॅशियम आयोडाइडमुळे थायरॉईड ग्रंथी साध्या आयोडीनने आधीच भरते आणि किरणोत्सारी आयोडीनला तेथे शिरकाव मिळत नाही; सीझियम या दुसऱ्या किरणोत्सारी मूलद्रव्यापासून मात्र ही गोळी मुळीच वाचवत नाही. किरणोत्सारी आयोडीनशी संपर्काच्या आधीच्या २४ तासांत किंवा संपर्क सुरू झाल्यावर दोन तासांच्या आत घेतली तरच तिचा पुरेपूर उपयोग होतो, आणि त्यानंतर दिवस उलटल्यावर घेतल्यास लाभापेक्षा अपायच संभवतो. म्हणून प्रशासनाच्या सूचनेशिवाय ती घेऊ नये. गोळी नाही तर मीठ तरी, हा विचार हिशेबातही बसत नाही : प्रौढाच्या १३० मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे १०० मिलिग्रॅम आयोडीन असते, तर घरच्या आयोडीनयुक्त मिठात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम, म्हणजे एका मात्रेसाठी सुमारे पावणेसात किलोपर्यंत मीठ खावे लागेल. तरीही २०११ मध्ये जपानमधील फुकुशिमा अणुकेंद्राच्या अपघातानंतर चीनमध्ये मिठासाठी झुंबड उडालीच. जखमेवर लावायचे आयोडीन पिणे तर सरळसरळ घातक आहे.

दुसरी चूक म्हणजे सांगितले नसताना गाव सोडणे. फुकुशिमा प्रांतात स्थलांतर आणि त्यानंतरची परवड यांमुळे झालेल्या मृत्यूंची नोंद २,००० हून अधिक आहे आणि त्यांत वृद्ध व रुग्णच बहुसंख्य होते. सिन्नरच्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगेत तासन्‌तास अडकण्यापेक्षा पक्क्या घरात थांबणे केव्हाही बरे.

घरात थांबतानाही गफलत होते. दारे-खिडक्या लावल्या जातात आणि खिडकीतला कूलर चालूच राहतो, जो बाहेरचीच हवा आत ओढत असतो. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट पंख्यामुळेही फटींतून बाहेरची हवा आत येते. छताचा पंखा चालू ठेवण्यास हरकत नाही. बाहेरून आलेल्याने वरचे कपडे न झटकता दारातच उतरवून पिशवीत बांधावेत आणि साबणाने अंघोळ करावी, पण कातडी सोलवटेल इतके घासू नये.

नाशिकसाठी खरा कळीचा मुद्दा मात्र दूध आणि पालेभाजी हाच आहे, आणि नेमका तोच तयारीच्या याद्यांमध्ये सहसा शेवटी येतो. १९८६ च्या चेर्नोबिल अपघातानंतर मुलांमध्ये थायरॉईडचा कर्करोग वाढला, त्याचे मुख्य कारण गवत, गाय आणि दूध या मार्गाने पोटात गेलेले किरणोत्सारी आयोडीन-१३१ हे होते. पावसाबरोबर किरणोत्सारी कण दूरवरही उतरतात. त्याच अपघातातील सीझियममुळे ब्रिटनच्या वेल्समधील काही मेंढपाळांवर घातलेले निर्बंध २०१२ पर्यंत टिकले. पावसाळ्यात आपल्याकडचे वारे पश्चिमेकडूनच, म्हणजे तारापूरच्याच बाजूने, येतात, हे दिंडोरी-इगतपुरीच्या पशुपालकांनी ध्यानात ठेवावे. सूचना मिळताच जनावरे गोठ्यात बांधून त्यांना आधीच झाकून ठेवलेला कोरडा चारा घालावा आणि विहिरीवर झाकण टाकावे. उकळले की दूध निर्धोक होते हा समज तर पक्का डोक्यातून काढावा, कारण उष्णतेने जंतू मरतात, किरणोत्सर्ग कमी होत नाही. मेथी-कोथिंबीर धुतल्याने वरची धूळ जाते, पानाने शोषलेले मात्र पानातच राहते. तपासणीचा निकाल येईपर्यंत लहान मुलांना आधीच्या साठ्यातली दुधाची भुकटी द्यावी. दूषित ठरलेले दूध मात्र गटारात ओतून मोकळे होऊ नये. आयोडीन-१३१ ची मात्रा दर आठ दिवसांनी निम्मी होत असल्याने, तपासणीत अन्य काही आढळले नाही, तर त्याच दुधाची भुकटी करून काही महिने ठेवल्यावर ती पुन्हा वापरता येऊ शकते.