गाडीच्या बॉडीला भोक पाडताय? या चुका टाळा

फॉग लाइट असो, रिव्हर्स कॅमेरा असो की ॲम्प्लिफायरची वायर, काहीतरी बसवायचं म्हटलं की कुठेतरी पत्र्याला भोक पाडायची वेळ येतेच. ड्रिल दोन मिनिटांत होतं हो, पण वाट लागते ती आधी नीट न बघितल्यामुळे नाहीतर नंतर भोक तसंच उघडं सोडल्यामुळे, आणि हे दुसरं जास्त वाईट, कारण ते लगेच दिसत नाही, गंज आतून पसरतो आणि वर रंग फुगला की मग कळतं.

आधी बघा की भोक खरंच लागतंय का. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यात कंपनीचीच रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणाऱ्या, वायर जाऊ देणाऱ्या रबरी रिंगा) असतात, बऱ्याचदा त्यातल्या एकातूनच वायर आत नेता येते. एक भोक वाचलं म्हणजे गंजाची एक जागा कमी.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पत्र्यामागे काय आहे ते न बघणं. ट्रिम काढा, टॉर्च मारा, हात घालून चाचपा. मागच्या सीटखाली बऱ्याच गाड्यांमध्ये इंधनाची टाकी असते, फ्लोअरखालून ब्रेकचे आणि इंधनाचे पाइप जातात, आणि छताच्या कडेने कर्टन एअरबॅग (खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी) गुंडाळून ठेवलेली असते. दारांमधल्या खांबाला तर हातच लावू नका, तिथलं स्टील बऱ्याच गाड्यांत मुद्दाम फार कडक केलेलं असतं आणि अपघातात तेच तुम्हाला वाचवतं. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीत नारिंगी केबल, म्हणजे हाय व्होल्टेजची, दिसली की ड्रिल खाली ठेवा आणि जागा बदला. साध्या गाडीतही वायरिंगजवळ काम असेल तर बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आधी काढून ठेवायचं.

आता ड्रिलिंग. रंगावर थेट बिट टेकवलं की ते घसरतं आणि भोकाच्या शेजारी छान वळणदार ओरखडा काढून ठेवतं. म्हणून मास्किंग टेप लावा, माप दोनदा घ्या, सेंटर पंचने हलकी खूण करा (जोरात मारलं तर पत्रा दबतो), मग ३ मिमीचं पायलट होल (आधीचं छोटं भोक) आणि त्यानंतर स्टेप बिट (पायऱ्या-पायऱ्यांचं, शंकूसारखं). बॉडीचा बाहेरचा पत्रा साधारण ०.७-०.८ मिमीच असतो, एवढ्या पातळ पत्र्यात मोठं साधं बिट आरपार जाताना अडकतं, झटका देतं आणि भोक गोल न होता तिकोनी होतं. स्पीड कमी ठेवा, दाब बेताचा, तेलाचा एखादा थेंब. बिट किती आत जाईल याला खरा अडसर हवा, स्टॉप कॉलर (बिटवर आवळायची रिंग) नाहीतर बिटवर चढवलेला जाड नळीचा तुकडा, नुसती टेप गुंडाळली तर ती खूण असते, ती बिटला थांबवत नाही. सेफ्टी चष्मा घालाच, विशेषतः गाडीखाली झोपून वर ड्रिल करत असाल तर. सैल हातमोजे मात्र नकोत, बिटमध्ये गुंडाळले जातात.

भोक पडलं की लोक लगेच स्क्रू मारतात आणि इथेच घोळ होतो. कडेला हात लावून बघा, आतल्या बाजूला धार राहिलेली असते, तीच वायरचं कव्हर कापते आणि शॉर्ट होतो. दोन्ही बाजूंनी कानस मारा. मग ड्रिलिंगमधून निघालेला लोखंडी कीस. तो हाताने झटकायचा नाही कारण रंगावर ओरखडे येतात, हवा मारून उडवायचा नाही कारण तो कोपऱ्यात जाऊन बसतो. व्हॅक्यूमने आणि चुंबकाने गोळा करा, त्याच दिवशी, कारण ओल लागली की एका रात्रीतसुद्धा रंगावर तांबूस ठिपके पडतात. त्यानंतर कड पुसून गंजरोधक प्रायमर, तो वाळला की टच-अप पेंट, तोही पूर्ण वाळू द्या, मगच ग्रोमेट. घाई इथे अजिबात करू नका, ओल्या रंगावर ग्रोमेट ढकललं की रंग खरवडून निघतो आणि सगळी मेहनत फुकट.

सीलंट घेताना वास बघा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं आणि उघड्या पत्र्याला खातं. न्यूट्रल क्युअर (सुकताना असं आम्ल न सोडणारं) सिलिकॉन किंवा पॉलीयुरेथेन सीलंट घ्या.

तरीही काही बिघडलंच तर. बिट पुढे जात नाही, नुसतं तापून निळं पडतंय? एकतर बिट बोथट आहे, नाहीतर स्पीड जास्त आहे, आणि नवीन बिटनेही तेच होत असेल तर तो कडक स्टीलचा भाग समजा आणि जागा बदला. भोक चुकीच्या जागी पडलं तर नुसती पुट्टी भरू नका, मागून ओल येते आणि पुट्टी सुटते. कडेला प्रायमर आणि रंग लावून मापाचं रबरी बूच बसवा, दिसणाऱ्या जागी असेल तर वेल्डिंग करून घ्या.

पाणी आत येत असेल तर एकजण आत टॉर्च घेऊन बसा, दुसऱ्याने बाहेरून पाइपने हळू पाणी सोडायचं, खालून सुरुवात करून वर जायचं, म्हणजे नेमकं कुठून येतंय ते सापडतं. बऱ्याचदा सील ठीक असतं आणि पाणी वायरवरूनच ओघळत आत येतं, तेव्हा भोकाच्या आधी वायरला खाली थोडा झोल द्या, पाणी तिथेच टपकून जातं.