प्रचारनिधीतून मुलांच्या सांभाळाचा खर्च : अमेरिकेत निवडणूक लढवणाऱ्यांसाठी

बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२३ च्या जानेवारीपासून मिशिगनचे प्रतिनिधी म्हणून अमेरिकी काँग्रेसमध्ये आहेत आणि शाळा मंडळांपासून राज्य विधिमंडळांपर्यंतच्या निवडणुकांचा विचार करणारी मराठी माणसेही आता आढळतात. ज्यांच्या घरी लहान मुले आहेत, त्यांच्यापुढे अर्ज भरण्याआधीच एक साधा प्रश्न उभा राहतो : संध्याकाळी सहा ते नऊ दारोदार फिरायचे, तर मुलांकडे कोण पाहणार आणि त्याचे पैसे कोण देणार? संघीय, म्हणजे काँग्रेससारख्या राष्ट्रीय पातळीवरील, निवडणुकीत हे पैसे प्रचारनिधीतून देता येतात. परंतु ही परवानगी सरसकट नाही. ती तासातासाच्या हिशेबावर उभी आहे, आणि तो हिशेब पहिल्या दिवसापासून लिहिला नाही तर मागाहून कितीही खरे सांगितले तरी ते सिद्ध करणे कठीण जाते.

आधी कायद्याची कसोटी नीट समजून घ्यावी. देणगीदारांचा पैसा उमेदवाराने स्वतःच्या घरखर्चासाठी वापरू नये, हा मूळ नियम आहे. फेडरल इलेक्शन कमिशन, म्हणजे संघीय निवडणूक आयोग, प्रत्येक खर्चाबाबत एकच गोष्ट विचारतो : ही व्यक्ती उमेदवार नसती किंवा पदावर नसती, तरीही हा खर्च झाला असता का? उत्तर ‘होय’ असेल, तर तो वैयक्तिक वापर ठरतो आणि निषिद्ध आहे. घराचा हप्ता, किराणा, रोजचे कपडे हे सर्व त्यातच येतात. मुलांचा सांभाळ मात्र दोन्ही बाजूंना पडू शकतो, आणि खरी गुंतागुंत तिथेच आहे.

हा प्रश्न आयोगापुढे प्रथम १९९५ मध्ये लुईझियानाचे तत्कालीन प्रतिनिधी जिम मॅक्रेरी यांच्यामुळे आला. पती-पत्नी दोघेही प्रचाराच्या कार्यक्रमाला जातात तेव्हा मुलासाठी अधूनमधून लागणाऱ्या सांभाळाचा खर्च आयोगाने मान्य केला. पुढची तेवीस वर्षे विषय तिथेच थांबला. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवरील दुसऱ्या काँग्रेस मतदारसंघातून तत्कालीन प्रतिनिधी पीटर किंग यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या ल्यूबा ग्रेचेन शर्ली यांनी नियमित सांभाळाच्या खर्चाबद्दल विचारणा केली. त्या घरून काम करत दोन लहान मुलांना स्वतःच सांभाळत होत्या. उमेदवारीमुळे ते अशक्य झाले. उमेदवारी नसती तर हा खर्च झालाच नसता, हे त्यांच्या बाबतीत स्पष्ट दिसत होते. १० मे २०१८ रोजी आयोगाने एकमताने परवानगी दिली. नोव्हेंबरमध्ये त्या निवडणूक हरल्या, परंतु ‘२०१८-०६’ या क्रमांकाचे ते सल्ला-मत, म्हणजे लेखी प्रश्नाला आयोगाने दिलेले अधिकृत उत्तर, आजही प्रचार समितीच्या प्रत्येक खजिनदाराने हाताशी ठेवावे असे आहे. २०१९ मध्ये टेक्सासमधून सिनेटसाठी उभ्या राहिलेल्या एम. जे. हेगर यांच्या पूर्णवेळ सांभाळाच्या प्रश्नावरही, प्रचारामुळे थेट उद्भवणाऱ्या खर्चापुरते, अनुकूल उत्तर मिळाले. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाचे प्रतिनिधी एरिक स्वॉलवेल यांना स्वतःच्या प्रचारासाठी प्रवास करताना मुलांच्या रात्रभराच्या सांभाळाचा खर्च करण्यास मान्यता मिळाली. मात्र दुसऱ्या उमेदवारांच्या प्रचारासाठी केलेल्या प्रवासाबाबत आयुक्तांची आवश्यक ती चार मते जुळली नाहीत.

ही सल्ला-मते केवळ विचारणाऱ्यापुरती नसतात. आपल्या परिस्थितीतील महत्त्वाच्या गोष्टी त्या मतातील परिस्थितीशी तंतोतंत जुळत असतील, तर कोणताही उमेदवार त्या मताचा आधार घेऊ शकतो. म्हणून वृत्तपत्रातील बातमी वाचून निर्णय घेऊ नये. आयोगाच्या संकेतस्थळावरून मूळ मत उतरवून घ्यावे, त्यातील वस्तुस्थितीचा भाग वाचावा आणि समोर कागद ठेवून आपली परिस्थिती कुठे जुळते व कुठे नाही हे लिहून काढावे. तो कागद समितीच्या फाइलीत ठेवावा.

आता एक उदाहरण घेऊ. न्यू जर्सीत राहणारी, पूर्णवेळ नोकरी करणारी एक उमेदवार आहे आणि तिची चार वर्षांची मुलगी सकाळी आठ ते संध्याकाळी पाच पाळणाघरात असते. पाळणाघराची ही फी प्रचारनिधीतून देता येणार नाही, कारण ती नोकरीसाठी आहे आणि उमेदवारी नसतानाही ती भरली जातच होती. परंतु आठवड्यातून चार संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत दारोदार प्रचारासाठी जावे लागते म्हणून तासाला २० डॉलरने बेबीसिटर ठेवली, तर आठवड्याचे २४० डॉलर ही प्रचारामुळेच आलेली भर आहे. त्याच बेबीसिटरला शनिवारी पती-पत्नी मित्राकडे जेवायला गेले म्हणून बोलावले, तर ते तास घरचे; त्यांचे पैसे घरच्या खात्यातून आणि वेगळ्या चेकने द्यावेत. एकाच चेकमध्ये दोन्ही रकमा घालून ‘नंतर वजा करू’ म्हणणे ही सर्वांत महाग पडणारी सोय आहे.

उमेदवाराने नोकरी सोडून पूर्णवेळ प्रचार सुरू केला, तर प्रश्न अवघड होतो. पूर्वी नोकरीसाठी भरली जाणारी फी आता प्रचारासाठी आहे, असे म्हणता येईल का? नोकरी कधी सोडली, मूल पूर्वी किती तास पाळणाघरात होते, जोडीदार त्या वेळेत घरी असतो की कामावर, या तिन्ही गोष्टींची कागदपत्रे गोळा करून हेगर यांच्या २०१९ च्या मतातील वस्तुस्थितीशी ताडून पाहावी आणि हा एक मुद्दा तरी निवडणूक कायद्याच्या वकिलाकडून तपासून घ्यावा.

प्रत्यक्ष व्यवस्था लावताना क्रम महत्त्वाचा असतो. पाच हजार डॉलरपेक्षा जास्त देणग्या मिळाल्या किंवा तेवढा खर्च झाला की व्यक्ती कायद्याने उमेदवार ठरते. त्यानंतर पंधरा दिवसांत उमेदवारीचे निवेदन आणि पुढील दहा दिवसांत समितीची नोंदणी करावी लागते. समितीला खजिनदार हवाच, कारण खजिनदाराचे पद रिकामे असताना समितीला पैसा घेता किंवा खर्च करता येत नाही. समितीचे बँक खाते स्वतंत्र असावे. सांभाळाचे पैसे शक्यतो थेट त्या खात्यातून बेबीसिटरला किंवा पाळणाघराला द्यावेत. उमेदवाराने स्वतःच्या खिशातून देऊन मागाहून भरपाई घेतली, तर अहवालात अंतिम रक्कम कोणाला गेली हे दाखवावे लागते आणि कागदांचा पसारा वाढतो.

नोंदवही हा या साऱ्याचा कणा आहे. प्रवास, वाहन, जेवण अशा घर व प्रचार यांत विभागल्या जाणाऱ्या काही खर्चांसाठी तारीखवार नोंद त्या त्या वेळीच करून ठेवण्याची अट नियमावलीत आहे. सांभाळाच्या खर्चालाही तीच शिस्त लावावी. प्रत्येक ओळीत तारीख, सुरुवातीची व शेवटची वेळ, सांभाळणाऱ्याचे नाव, दर, रक्कम आणि त्या वेळेत उमेदवार प्रचाराचे नेमके कोणते काम करत होता, हे लिहावे. ‘प्रचार’ एवढा शब्द पुरेसा नाही. ‘एडिसन, देणगीसाठी दूरध्वनी, सहा ते साडेआठ’ असे गाव, काम व वेळ लिहिले की ती नोंद प्रचाराच्या कॅलेंडरशी जुळवून पाहता येते. वही रोज रात्री भरावी. आठवड्याच्या शेवटी आठवणीने भरलेली वही ओळखू येते. तिच्यात सगळे आकडे पूर्णांकात असतात.

एकाच व्यक्तीला निवडणूक चक्रात दिलेली एकूण रक्कम २०० डॉलरच्या वर गेली की अहवालात तिचे नाव, पत्ता, तारीख, रक्कम व प्रयोजन स्वतंत्रपणे द्यावे लागते. वरच्या उदाहरणात ही मर्यादा पहिल्याच आठवड्यात ओलांडली जाते. प्रयोजनाच्या रकान्यात ‘प्रचाराच्या वेळेतील बालसंगोपन’ असे स्पष्ट लिहावे. ‘सेवाशुल्क’ वगैरे गुळमुळीत शब्द वापरले तर आयोगाकडून खुलाशाचे पत्र येते. हे अहवाल कोणालाही पाहता येतात, हे बेबीसिटरला आधीच सांगावे. आपले नाव सार्वजनिक होणार याची तिला कल्पना नसणे योग्य नाही. विरोधकही ते वाचतात. म्हणून दर परिसरातील चालू दराइतकाच ठेवावा आणि आपल्या भागातील दोन पाळणाघरांचे दरपत्रक फाइलीत लावून ठेवावे.

घरी येऊन मूल सांभाळणारी व्यक्ती अमेरिकी करकायद्यात बहुधा घरगुती कर्मचारी ठरते. २०२५ मध्ये एखाद्याला वर्षभरात रोख किंवा चेकने २,८०० डॉलर किंवा अधिक वेतन दिले, तर सामाजिक सुरक्षा व मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) कर लागू होत असत, कर्मचारी व मालक या दोघांकडूनही प्रत्येकी ७.६५ टक्के. आठवड्याला २४० डॉलर याप्रमाणे बारा आठवड्यांचे २,८८० होतात. म्हणजे एका शरद ऋतूतच २०२५ ची ही रेषा पार होत असे. मालक कोण, कुटुंब की समिती, हे करसल्लागाराकडून पहिल्या चेकपूर्वी ठरवून घ्यावे. शिवाय समितीने दिलेल्या रकमेवर कुटुंबाच्या विवरणपत्रात बालसंगोपनाची करसवलत पुन्हा मागू नये.

आता आपल्या घरांतल्या खास अडचणी. आजी भारतातून सहा महिन्यांसाठी आली आहे, तीच नातीला सांभाळेल आणि तिला प्रचारनिधीतून थोडे पैसे देऊ, हा विचार सहज सुचतो. परंतु पर्यटक व्हिसावर आलेल्या व्यक्तीला मोबदला घेऊन काम करता येत नाही. आजीने प्रेमाने नातीला सांभाळणे वेगळे आणि तिच्या नावाने चेक काढणे वेगळे. इथेच कायमच्या राहणाऱ्या नातेवाइकाला पैसे द्यायचे असतील, तर बाजारभावापेक्षा जास्त दिलेली रक्कम वैयक्तिक वापर ठरते, हे तर आहेच. परंतु नातेवाइकाला मुळात पैसे द्यावेत का, हेही वकिलाला विचारूनच ठरवावे.

पुण्यातला भाऊ ‘बेबीसिटरचे मी भरतो’ म्हणाला, तर त्याला नम्रपणे नाही म्हणावे. उमेदवारीमुळे आलेला वैयक्तिक खर्च दुसऱ्याने भरला तर ती देणगी धरली जाते, आणि अमेरिकेचे नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसलेल्या व्यक्तीची देणगी कोणत्याही निवडणुकीत चालत नाही. एखाद्या मैत्रिणीचे पाळणाघर कंपनी म्हणून नोंदलेले असेल आणि तिने मुलाला फुकट ठेवून घेतले, तर संघीय निवडणुकीत ती कंपनीची निषिद्ध देणगी होते. तिथे नेहमीची फी भरावी. महाराष्ट्र मंडळाच्या बाबतीतही हेच भान हवे. अनेक मंडळे करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेली असतात आणि अशा संस्थांना कोणत्याही उमेदवाराच्या प्रचारात सहभागी होण्यास मनाई आहे, त्यामुळे मंडळाच्या हॉलमध्ये एका उमेदवाराच्या स्वयंसेवकांसाठी बालवर्ग भरवण्याची कल्पना चांगली असली तरी ती मंडळाच्या नावाने राबवू नये. मैत्रिणीने स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या घरी, मोबदला न घेता मुले सांभाळली तर ती स्वयंसेवा आहे, आणि ती बहुधा सर्वांत सोपी वाट आहे.

वृद्ध सासू-सासऱ्यांच्या किंवा अपंग भावंडाच्या शुश्रूषेचा खर्च हा याहून बिकट विषय आहे. वर सांगितलेली संघीय मते मुलांच्या सांभाळाविषयी आहेत. वृद्धांच्या देखभालीचाही समावेश करणारे विधेयक २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहात संमत झाले, पण त्याचा कायदा झाला नाही. तर्काने पाहता कसोटी तीच लागू व्हायला हवी, असे माझे मत आहे. परंतु देणगीदारांचा पैसा माझ्या किंवा कोणाच्याही तर्कावर खर्च करू नये. अशा वेळी आयोगाकडे स्वतःचे सल्ला-मत मागावे. अर्ज लेखी असतो. त्यात काल्पनिक प्रश्न चालत नाही, आपण स्वतः करू इच्छित असलेल्या व्यवहाराचे पूर्ण वर्णन द्यावे लागते. उत्तरासाठी आयोगाला साठ दिवस असतात; निवडणुकीच्या आधीच्या साठ दिवसांत उमेदवाराने त्याच निवडणुकीबद्दल विचारले तर वीस दिवस. मताला सहापैकी चार आयुक्तांची संमती लागते. २०२५ च्या मेपासून आयुक्तांची पदे रिकामी राहिल्याने आयोगाची निर्णयासाठी लागणारी गणसंख्या तुटली आणि अशी मते देणे थांबले, त्यामुळे अर्ज लिहायला बसण्यापूर्वी आयोग मत देण्याच्या स्थितीत आहे का, हे पाहून घ्यावे.

हे सारे काँग्रेससाठी. शाळा मंडळ, नगरपालिका किंवा राज्य विधिमंडळ यांसाठी राज्याचा कायदा लागतो आणि तो जागोजागी वेगळा आहे. कॅलिफोर्निया व न्यूयॉर्क यांनी २०१९ मध्ये कायदा करून परवानगी दिली. लुईझियानात नीतिमंडळाने २०१८ मध्ये एका महिला उमेदवाराला नकार दिला, जरी पूर्वी एका पुरुष उमेदवाराला तीच मुभा मिळाली होती, आणि टीका झाल्यावर निर्णय फिरवला. त्यामुळे शेजारच्या राज्यातील मित्राच्या अनुभवावर न विसंबता आपल्या राज्याच्या निवडणूक वित्त कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्यावे आणि ते समितीच्या फाइलीत ठेवावे.

मार्च २०२४ पासून संघीय उमेदवारांना प्रचारनिधीतून मर्यादित वेतनही घेता येते. ते स्वतंत्र सदर आहे, त्याची मर्यादा व कागदपत्रे वेगळी आहेत, आणि त्याची सांभाळाच्या खर्चाशी सरमिसळ करू नये.

मतदानाचा दिवस संपला की प्रचाराचे तासही संपतात. बेबीसिटरचा शेवटचा चेक त्या रात्रीपर्यंतच्या तासांचाच काढावा, वहीत शेवटची ओळ लिहून खजिनदाराची सही घ्यावी आणि पावत्या व वही संबंधित अहवाल दाखल झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवावी.