शेवटच्या दीड किलोमीटरपासून सामान बांधायला घ्या

पुण्यातला फ्लॅट सोडून गावच्या घरी राहायला जायचं ठरलं की पहिला फोन टेम्पोवाल्याला जातो. तो दुसरा असू द्या. आधी गावी जाऊन फाट्यापासून दारापर्यंतची वाट टेप लावून मोजा. सगळ्यात अरुंद जागा कुठे आहे ते बघा: मोरीचे कठडे, दोन बांधांमधली वाट, कुणाच्या तरी गोठ्याचा पुढे आलेला पत्रा. पिकअपला ७ फूट मोकळी वाट लागते, टाटा ४०७ ट्रकला ८ धरा. वर लोंबणाऱ्या विजेच्या ताराही बघून ठेवा. उभं कपाट आणि त्यावर गाद्या असा भरलेला हौदा तारेच्या फार जवळ जातो. गाडी वाटेत बसत नसेल तर शेवटचा टप्पा ट्रॅक्टर-ट्रॉलीने करायचा, आणि मग भरण्याचं सगळं गणितच बदलतं.

वजनाचा अंदाज कागदावर काढा. लोखंडी कपाट रिकामं असलं तरी ७०–९० किलो, पुढून कपडे टाकायचं वॉशिंग मशीन ६०–७०, इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी ५०–६०, प्लायवूडचा पेटीचा पलंग शंभरच्या वर. पुस्तकं सगळ्यात फसवी. फूटभर लांब-रुंद-उंच खोक्यातच १५–२० किलो बसतात, त्याहून मोठं खोकं पुस्तकांना घेऊच नका. टू-बीएचकेचं सामान सव्वा ते दीड टनाला सहज जातं. छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस टेम्पो, साधारण पाऊण टनाचा. ‘बसतंय की, साहेब’ असं चालक म्हणेल. बसेलही, पण स्प्रिंगच्या पाट्यांना आणि ब्रेकला ते झेपणार नाही. हौद्याबाहेर आलेल्या सामानाला किंवा जादा वजनाला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत २०,००० रुपये दंडाची तरतूद आहे, हे चालकाला माहीत असतंच.

आदल्या दिवशीची कामं अशी. फ्रिज बंद करून बर्फ वितळवा, पाणी पुसून काढा, दार पट्टीने बांधा. नेताना तो उभाच ठेवायचा. आडवा केला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत शिरतं. मग घरी रात्रभर उभा ठेवल्याशिवाय बटण दाबायचं नाही. वॉशिंग मशीनच्या पाठीमागचे ट्रान्झिट बोल्ट कंपनीच्या पिशवीत पडलेले असतात, ते शोधून परत बसवा. ते नसतील तर खड्ड्यागणिक ड्रम आतून आदळतो. बॅटरीच्या वायरी सोडा, टोकांना चिकटपट्टी गुंडाळा आणि ती उभीच न्या. गॅस मात्र सामानात घ्यायचाच नाही. सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्या, गावाजवळच्या एजन्सीत ते दाखवून जोडणी मिळते. सोसायटीतून सामान बाहेर काढायला लेखी परवानगी लागत असेल तर ती आठवडाभर आधी घ्या, नाहीतर हमाल गेटवर बसून राहतात आणि त्यांची मजुरी चालू राहते.

टेम्पोत जड वस्तू केबिनला चिकटवून, तळाला. कपाटाचं दार केबिनकडे, पाठ मागे. आरसा असेल तर मध्ये गादी. हलकं वर आणि मागे. दोऱ्यांचं म्हणाल तर नायलॉन ताणते आणि दहा-बारा किलोमीटरवर सैल पडते. काथ्याची दोरी घट्ट बसते, पण कोपऱ्यावर घासून तुटते, म्हणून तिथे जाड पुठ्ठा घाला. परवडत असेल तर कडीने ताणून आवळायचे (रॅचेट) पट्टे घ्या. काहीही वापरलं तरी, सातारा रस्त्याने जात असाल तर, कात्रजच्या बोगद्यानंतरचा उतार संपला की खेड-शिवापूरच्या आसपास गाडी बाजूला घेऊन प्रत्येक दोरी हाताने ओढून बघा. रिकामी पाण्याची टाकी सगळ्यात हलकी म्हणून सगळ्यात वर टाकतात, आणि वाऱ्याने पहिली तीच उडते. ती ताडपत्रीखाली, तोंड खाली करून बांधा.

घाटात उतरताना गाडी गिअरमध्येच हवी. ज्या गिअरने तो चढ चढला असता, त्याच गिअरने उतरायचं. ब्रेकचा जळका वास आला तर थांबून गार होऊ द्या, तापलेल्या ड्रमवर पाणी मारू नका, तडा जातो. भोरकडे जात असाल तर कापूरहोळला हमरस्ता सुटतो. भोरच्या पश्चिमेकडच्या गावांत पावसाळ्यात सामान नेऊच नका. दिवाळीनंतर भात निघालं की वाटा सुकतात.

आता ट्रॉली. फाट्यावर बहुतेक लोक टेम्पो ट्रॉलीला पाठमोरा लावून माल थेट सरकवतात. चूक तिथेच होते. टेम्पोत सगळ्यात मागे होतं ते हलकं सामान आधी निघतं आणि ट्रॉलीच्या पुढच्या भागात जातं. कपाट, बॅटरी, पुस्तकं शेवटी निघतात आणि फाळक्याशी, म्हणजे ट्रॉलीच्या मागच्या झडपेशी, येतात. दोन चाकी ट्रॉलीला मागे जड झालं की ट्रॅक्टरला जोडणारी दांडी हुकावर वर उचलली जाते, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचा भार कमी होतो आणि चढावर ती जागेवरच फिरतात. म्हणून ताडपत्री पसरा, सगळं खाली उतरवा आणि नव्याने भरा. जड वस्तू चाकांच्या आसाच्या वर आणि किंचित पुढे. निम्म्याहून थोडं जास्त वजन आसाच्या पुढे हवं, पण सगळं नको. चढावर स्टिअरिंग हलकं लागायला लागलं, तर पुढची चाकं उचलू पाहतायत; थांबून दोन खोकी मागे सरकवा.

निघण्यापूर्वी ट्रॅक्टरचालकाच्या पायाशी, ब्रेकच्या पेडलांकडे वाकून बघा. डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात आणि शेतात वळताना ते सुटे ठेवलेले असतात. रस्त्यावर दोन्ही पेडल जोडणारी पट्टी लावलेली हवी. ती सुटी असेल आणि उतारावर एकच पेडल दाबलं गेलं, तर ट्रॅक्टर एका अंगाला ओढला जातो आणि ट्रॉली मागून आडवी येते. बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो, त्यामुळे सगळं वजन ट्रॅक्टरवर ढकलतं. हुकाच्या पिनेला खालून लॉक आहे ना तेही बघा; तिथे कुणीतरी वाकवलेला खिळा घातलेला असतो, तो चालणार नाही. सामानावर कुणाला बसवायचं नाही, पोरांना तर मुळीच नाही.

देवघर, औषधं, नट-बोल्टचे पाने, बल्ब, झाडू आणि पहिल्या रात्रीचा शिधा आपल्या गाडीत ठेवा.

दारात पोचल्यावर चालक हमखास विचारेल, ‘हायड्रॉलिकने ट्रॉली उचलू का, सामान मागे सरकेल?’ माती सरकते, कपाट आदळतं. ट्रॅक्टर सपाटीवर उभा करा, चाकांना दगड लावा आणि फाळका उघडून मागून पुढे रिकामं करत या. कुणाला दुसरी खेप करायची घाई असली तरी शेवटचं खोकं खाली येईपर्यंत पिन काढू द्यायची नाही: कुणी पुढचं सामान आधी काढलं आणि मागे पलंग राहिला असेल, तर सुटलेली ट्रॉली शेपटीवर बसते आणि दांडी पिन काढणाऱ्याच्या हनुवटीखाली येते.